नमुना सतरा

ऑनर्सच्या अर्जात एक रकाना आहे: सेवेचे तास.
चाळीस लागतात. माझे अडतीस भरले,
उरलेले दोन कसे मांडायचे
ते अजून ठरत नाही.

केंटकीच्या पूर्वेला, डोंगरांच्या बेचक्यात,
जिथला कोळसा संपला आणि रस्ता तेवढा उरला,
तिथल्या बावीस विहिरींचं पाणी मी भरून आणलं.
बाटली तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची,
आम्लाचे चार थेंब, मग बर्फाची पेटी.
वहीत नाव लिहायचं नाही, आकडा लिहायचा.
नियमच तसा आहे. चांगला नियम आहे.

सतरा म्हणजे, समजा, ऑर्फा.
खरं नाव सांगता येत नाही.
तिचा न्हाणीतला टब काळा पडलेला.
‘घासून घासून हात गेले,
पण कॉफी याच पाण्याची चांगली होते बघ.’
तिनं घेवडा वाढला, मक्याचा पाव वाढला.
मी नको म्हणाले, मग दोनदा घेतलं.
पाणीही प्यायले.
त्यात काय आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं,
तिला तर चाळीस वर्षं.

एप्रिलमध्ये आलेख निघाला.
सतराचा खांब सगळ्यांत उंच.
खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.
तसाच कागद घेऊन
जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

हॅस्कल बाई संत्रं सोलत होत्या.
आलेख बघितला. बराच वेळ बघितला.
‘तिला कळवलंस?’

म्हटलं, प्रबंध ग्रंथालयात ठेवतात,
कुणालाही वाचता येतो.

‘ग्रंथालय इथून तिच्या घरापासून
नव्वद मैल. तिच्याकडे गाडी आहे?’

मग कोरा कागद पुढे सरकवला.
एक पान. आलेख नको. दशांश चिन्ह नको.
लिटर म्हणजे किती ते तिच्या किटलीत सांग.

प्रबंधाला तीन खर्डे लागले, या पानाला नऊ.
‘संभाव्य’ गेलं. ‘निदर्शनास आले’ गेलं.
समासात पेन्सिलीनं: कुणाच्या? तुझ्याच ना?
मग तसं लिही, घाबरतेस कशाला.
आठव्या खर्ड्याला, मान वर न करता, बाई म्हणाल्या,
‘मी सात वर्षांची होते. आमच्या विहिरीवर
सरकारी माणूस आला, टाय लावलेला.
बाटल्या भरून घेऊन गेला.
आई जाईपर्यंत विचारायची, त्या मुलाचं काय झालं गं?’
आणि ‘अतिशय’ खोडून पुढे वाचू लागल्या.

शनिवारी त्यांच्याच ट्रकमधून गेलो.
मी उतरणार नाही, हे तुझं काम, असं वाटेत बजावलं होतं.
ऑर्फानं पत्र उभ्यानंच वाचलं, ओठ हलवत,
शेवटाला पोचून परत वरून.
‘बेकीला मी याच पाण्यात—’ म्हणाली,
आणि थांबली.
चुलीवरची किटली उचलून
मोरीत ओतली, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत.
यापुढचं काय बोलायचं ते नऊ खर्ड्यांत कुठेच नव्हतं.
बाहेर धपकन आवाज झाला.
न उतरणाऱ्या बाई
पाण्याचे कॅन ओसरीवर मांडत होत्या.

ऑर्फा आत गेली. मला वाटलं, रडायला.
अंगात जाड कोट घालून आली.
‘वरच्या अंगाला अजून सहा घरं आहेत.
तिथे गेली नसशील तू. चल.
त्यांची कुत्री मला ओळखतात.’

तेवीस ते अठ्ठावीस.
दारं तिनं वाजवली. बोलली ती.
बाटली तीनदा का विसळायची
हे चौथ्या घरात तीच समजावून सांगत होती,
थोडं चुकीचं, पण माझ्यापेक्षा बरं.
मी झाकणं लावली, आकडे घातले.

दोन तास झाले बरोबर.
अर्जात खाली एक ओळ असते: सेवा कोणी केली.
परतताना बर्फाची पेटी तिनं मांडीवर धरली होती,
कोपऱ्यातून गळत होती,
कोट भिजला तरी खाली ठेवेना.